ग्रीसमधल्या वावरात

ग्रीसला जायचं ठरलं होतं ते आम्हा तीन मैत्रिणींचं. मी धुळ्याच्या देवपूर भागातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि त्या दोघी तिथेच शिकवतात. ग्रंथालयात जुन्या जगावरचं एक जाडजूड सचित्र पुस्तक आहे. निळा समुद्र, पांढरे खांब, डोंगरउतारावरची ऑलिव्हची झाडं. दुपारी वाचक नसले की आम्ही तिघी ते उघडून बसायचो आणि हे बरीच वर्षं चाललं होतं. शेवटी एकदाचं ठरवलं, दसरा झाला की निघायचं. मग एकीच्या मुलीचं बाळंतपण नेमकं त्याच महिन्यात आलं आणि दुसरीच्या गुडघ्यांनी ऐनवेळी दगा दिला. मी नवऱ्याला विचारलं. त्यांचं धुळ्यात औषधांचं दुकान आहे आणि ते चार दिवस बंद राहिलं तर अख्खं देवपूर आजारी पडेल अशी त्यांची समजूत आहे. शिवाय त्यांना विमानाची भीती वाटते, पण ते कबूल करत नाहीत. ते पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "नानांना घेऊन जा की."

ते सहज बोलून गेले. माझ्या मात्र डोक्यातून ते जाईना.

नाना म्हणजे माझे वडील. धरणगावजवळच्या एका खेड्यात आमची कपाशीची शेती आहे. आई गेली त्या वर्षी नानांनी शेत बटाईने, म्हणजे पिकातल्या वाट्यावर, दिलं आणि ते ओट्यावर बसू लागले. त्यांच्या सोबतीला त्यांची थोरली बहीण असते. तिला सगळा गाव अक्का म्हणतो, म्हणून मीही अक्काच म्हणते. अक्काचं सासर पारोळ्याचं. यजमान गेले, मुलं सुरतेला स्थायिक झाली, तेव्हा ती भावाकडे राहायला आली. दोघंही सत्तरी ओलांडलेली, आणि दिवसभर एकमेकांशी वाद घालतात. चहात साखर किती, पंखा किती जोरात, टीव्हीचा आवाज कुणासाठी एवढा मोठा. आई गेल्यापासून नानांचं बोलणं तेवढ्यापुरतंच उरलं होतं. अक्काशी वाद, नाहीतर मग काहीच नाही.

पासपोर्ट दोघांकडेही होते. माझा मुलगा मध्यंतरी दुबईला नोकरीला होता, तेव्हा त्याच्याकडे जायचं म्हणून मीच ते काढून घेतले होते. पण हे दोघं जायच्या आत तो कंटाळून पुण्याला परत आला आणि पासपोर्ट कोरेच राहिले. अक्काने ते लुगड्यांच्या खाली पेटीत ठेवून दिले होते.

पुढच्या रविवारी मी गावाला गेले आणि विषय काढला. नानांनी नेहमीप्रमाणे सगळं ऐकून घेतलं आणि नको म्हणाले. शेत, पाणी, बटाईदार, गुडघे, जेवण अशी कारणं त्यांनी सांगितली. अक्का आतून ऐकत होती. ती हात पुसत बाहेर आली आणि मला विचारलं, "तठे काय शे?"

मी सांगितलं, समुद्र आहे, जुनी देवळं आहेत, ऊन भरपूर आहे.

"मंग चाल ना भाऊ," ती नानांना म्हणाली. "आठे बसीसन तरी काय करी राह्यना तू?"

इथे बसून तरी काय करतोयस, हा प्रश्न नानांना कोणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. ते उठून म्हणाले, स्वेटर लागेल का ते बघ.

अथेन्सला उतरलो तेव्हा आमच्या सामानात कपड्यांपेक्षा खाणं जास्त होतं. दोघंही माळकरी, त्यामुळे अक्काने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाल मिरचीचा ठेचा आणि केळीचे वेफर्स एवढे भरले होते की विमानतळावरची बाई बॅग उचलून बघत हसली. ठेचा मी तीन पिशव्यांत गुंडाळला होता, तरी सगळ्या कपड्यांना लसणाचा वास लागलाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेकडीवरच्या त्या प्रसिद्ध देवळाकडे चढलो. पुस्तकात कितीदा पाहिलेलं ते सगळं समोर उभं होतं. आकाश इतकं निळं की खांब त्यावर चिकटवल्यासारखे दिसत होते. लोकांच्या पायांनी तिथले दगड अगदी गुळगुळीत झालेत. अक्का नव्या बुटांत, साडीचा पदर खोचून, नानांचा हात धरून चढत होती. नाना तिला सावकाश म्हणत होते आणि ती त्यांना तू सावकाश म्हणत होती.

वर पोहोचल्यावर तिने विचारलं, हे कोणाचं देऊळ. मी सांगितलं, देवीचं. ही शहराची राखणदार, शहाणपणाची आणि हातमागाचीही देवी. हातमागाचं ऐकून अक्काला बरं वाटलं. तिने पायातले बूट काढले, जवळच्या एका दगडाला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. कुठूनतरी शिट्टी वाजली. अक्काने पुन्हा हात लावला, पुन्हा शिट्टी. ती मला म्हणाली, कोणीतरी मघापासून शिट्ट्या मारतंय, इथे असलं चालतं का. तोवर गणवेशातली एक तरुण रखवालदार मुलगी आमच्यापाशी आली होती. दगडांना हात लावायचा नाही, हे तिने खुणेने सांगितलं. मी माफी मागितली आणि अक्का काय करत होती ते समजावलं. मुलगी थोडी गोंधळली. मग तिने अक्काच्या बुटांकडे बोट केलं आणि हसून म्हणाली, निदान हे घाला, दगड तापलेत.

अक्काने बूट घातले आणि आत डोकावत विचारलं, "देवी कोठे शे?"

मूर्ती हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच नाहीशी झाली, असं मी सांगितलं. अक्काला ते पटलं नाही. एवढं मोठं देऊळ आणि देवी नाही, म्हणजे गावाला गेली असेल, येईल, असं म्हणून तिने दुरूनच हात जोडले. नाना खांब मोजत नव्हते, नक्षी बघत नव्हते. ते कड्याजवळ उभे राहून खाली पसरलेलं शहर बघत होते. मी जवळ गेल्यावर म्हणाले, इतकी घरं आणि शेत एक नाही, हे लोक खातात काय.

त्याचं उत्तर दोन दिवसांनी बसमधून मिळालं.

आम्ही डेल्फीला निघालो होतो. डेल्फी डोंगरात आहे, आणि त्याच्या खाली समुद्राकाठच्या एका लहान गावात मी खोली घेतली होती. अथेन्स मागे पडलं, डोंगर लागले, मग रस्ता एका मोठ्या सपाट मैदानात उतरला. माझा डोळा लागला होता. नानांनी माझा दंड धरून हलवलं.

"हाई कपाशी शे," ते म्हणाले.

मी अर्धवट झोपेत म्हटलं, नाना, इथे कुठली कपाशी. मग खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, डोंगराच्या पायथ्यापर्यंत, फुटलेली बोंडं. पांढरंच पांढरं. रस्त्याच्या कडेच्या गवतालाही कापूस लागलेला, जसा आमच्याकडे बैलगाडीच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या वाटेवर बाभळीला लागतो. माझ्या त्या जाड पुस्तकात खांब होते, ऑलिव्ह होते, द्राक्षं होती. कपाशीचं एकही चित्र नव्हतं.

नाना उभे राहिले. बस थांबवायला सांग म्हणाले. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि लाउडस्पीकरवरून काहीतरी बोलला, बहुधा खाली बसा. मी नानांना बसवलं. इथे बस मध्येच थांबत नाही, हे समजावलं. ते बसले, पण मान वळवून बघत राहिले. ते मैदान संपलं, रस्ता पुन्हा डोंगर चढू लागला, तरी त्यांनी तोंड सरळ केलं नाही. मग म्हणाले, झाडांना एक पानही नव्हतं, पाहिलंस का, नुसती बोंडं. मी पाहिलं नव्हतं.

डेल्फीला दोघांचंही लक्ष लागलं नाही असं म्हणता येणार नाही. अक्काचं लागलं. तिथे एके काळी एक बाई धुरात बसून भविष्य सांगायची आणि दूरदूरचे राजे तिला विचारायला यायचे, हे मी सांगितलं तेव्हा अक्काने लगेच ओळखलं, म्हणजे अंगात यायचं. पारोळ्याला तिच्या शेजारणीच्या अंगात येत असे. तिथेही बाई बोलायची काही आणि पुरुष अर्थ सांगायचे काही, असं ती म्हणाली. डेल्फीतही अगदी तसंच होतं. नाना मात्र दरीकडे तोंड करून एका पायरीवर बसून राहिले. मी विचारलं, दमलात का. ते म्हणाले नाही. त्यांच्या डोक्यात कपाशी होती.

आमचं समुद्राकाठचं गाव लहानसंच होतं. एक धक्का, त्याला बांधलेल्या होड्या, चार-पाच खानावळी, आणि मागे डोंगरापर्यंत ऑलिव्हच्या बागा. आमच्या घरमालकीणबाई साठीच्या, ठेंगण्या, करड्या केसांच्या, पर्यटकांशी बोलून बोलून जमवलेल्या इंग्रजीच्या. खोलीच्या गच्चीतून पाणी दिसायचं. पहिल्याच सकाळी अक्काने मला हाक मारून गच्चीत नेलं आणि पाण्याकडे बोट दाखवलं.

समुद्रात सात-आठ म्हाताऱ्या बाया उभ्या होत्या. छातीपर्यंत पाण्यात, डोक्यावर मोठ्या टोप्या, आणि कोंडाळं करून गप्पा मारत होत्या. पोहत नव्हत्या, खेळत नव्हत्या. आमच्याकडे विहिरीवर नाहीतर नळावर उभ्या राहाव्यात तशा समुद्रात उभ्या होत्या. आम्ही चहा केला, प्यालो, आंघोळी उरकल्या, तरी त्या तिथेच. मध्येच सगळ्या हसायच्या तो आवाज गच्चीपर्यंत यायचा. त्यांत आमच्या मालकीणबाईही होत्या.

अक्का दिवसभर त्याबद्दलच बोलत होती. त्या रोज जातात का, पाणी गार नसतं का, घरातली कामं कधी करतात. संध्याकाळी मालकीणबाई भेटल्या तेव्हा मी हे सगळं त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, मे ते ऑक्टोबर रोज, पाण्यात गुडघे दुखत नाहीत. मग अक्काकडे बघून म्हणाल्या, उद्या ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझा पंजाबी ड्रेस मागितला. तिने जन्मात साडीशिवाय काही घातलेलं नव्हतं. सुना घालतात त्यावरसुद्धा ती पूर्वी बोललेली होती. मी ड्रेस दिला. मापाला जरा तंग झाला. ती ओढणी छातीवर घट्ट बांधून बाहेर आली तेव्हा नाना व्हरांड्यात बसले होते. त्यांनी पाहिलं, मान खाली घातली, पुन्हा पाहिलं.

"अक्का," ते म्हणाले, "हाई काय?"

"आठे माले कोन वळखस?" अक्का म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

मी तिच्याबरोबर पाण्यात गेले. पाणी काचेसारखं, तळाचे गोटे दिसत होते. गुडघ्यापर्यंत आल्यावर अक्का थांबली, माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली. मालकीणबाई पुढे आल्या, त्यांनी तिचा दुसरा हात धरला आणि स्वतःची टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवली. कोंडाळं थोडं उघडलं आणि अक्काला आत घेऊन मिटलं. मला वाटलं, मी आता भाषांतर करायचं. पण कोणी मला काही विचारलंच नाही. एका बाईने बोटांनी दाखवलं, तीन मुलगे. अक्काने दोन दाखवले. दुसरीने कंबरेला हात लावून तोंड वाकडं केलं, अक्काने गुडघ्याला लावून. कोणीतरी नवऱ्याची नक्कल केली असावी, कारण सगळ्या हसल्या आणि अक्काही हसली. मी थोडा वेळ उभी राहिले, मग किनाऱ्यावर येऊन फोटो काढत बसले. अक्काची बोटं सुरकुतून पांढरी होईपर्यंत ती बाहेर आली नाही.

त्यानंतर अक्काचा दिवस भरलेला असे. नानांचा रिकामा. ते धक्क्यावर जाऊन कोळ्यांची जाळी बघत, परत येत, पुन्हा जात. गावाकडे बटाईदाराला फोन लावून बोंडअळीचं विचारत. एकदा मला म्हणाले, त्या मैदानात पानं का नव्हती हे कळलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, नाना, आपण सुट्टीवर आलोय. ते म्हणाले, हो, ते आहेच.

तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी अक्का गच्चीत वाती वळत बसली होती. ती कुठेही गेली तरी पिशवीत थोडा घरचा कापूस असतो आणि हात रिकामे असले की ती वाती वळते. मालकीणबाई वाळत घातलेल्या चादरी काढायला आल्या आणि तिच्या हाताकडे बघत थांबल्या. त्यांनी कापसाचा पुंजका उचलला, बोटांनी ताणून पाहिला आणि "वाम्वाकी" असं काहीसं म्हणाल्या. मला कळलं, हा त्यांचा कापसाला शब्द. मी सांगितलं, हा आमच्या शेतातला. नानांकडे बोट दाखवून म्हटलं, यांच्या.

बाई नानांसमोर खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा सख्खा भाऊ त्याच मैदानात कपाशी करत होता, आम्ही बसमधून आलो त्या रस्त्याच्या पलीकडे. त्याच आठवड्यात त्याची वेचणी चालू होती. रविवारी त्या त्याच्याकडे जाणारच होत्या. मी हे मराठीत सांगेपर्यंत नाना उठून उभे राहिले होते. रविवार परवा होता. त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतःचा पांढरा सदरा धुऊन वाळत घातला.

बाईंच्या लहानशा गाडीत आम्ही चौघं गेलो. नाना पुढे, मांडीवर वेफर्सची पिशवी, कारण रिकाम्या हाताने जायचं नाही असं त्यांचं म्हणणं. भाऊ शेताच्या तोंडाशीच उभा होता. उंच, उन्हाने रापलेला, नानांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. दोघांनी हात मिळवले आणि मग एकमेकांच्या तळव्यांकडे पाहिलं. मी हे मुद्दाम सांगते आहे, कारण मला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं. दोघांनीही आधी हात पाहिला, मग तोंड.

नाना थेट पहिल्या ओळीत शिरले. बोंड हातात घेतलं, पाकळ्या मागे सारल्या, कापूस ओढून धाग्याची लांबी बोटांवर बघितली. मग तो प्रश्न विचारला. मी विचारला इंग्रजीत, बाईंनी विचारला त्यांच्या भाषेत, आणि उत्तर त्याच वाटेने परत आलं. पानं औषध मारून गाळतात. यंत्राने वेचायचं तर पानं नकोत, नाहीतर कापूस मळतो. हिरवं झाड औषध मारून वाळवायचं हे नानांना आत कुठेतरी लागलं होतं. मग त्यांनी विचारलं, पाणी कुठून. उत्तर आलं, जमिनीतून, आणि दरवर्षी खोल जातंय. यावर नानांनी मान हलवली ती फार ओळखीची होती. मग मात्र ते सुटलेच. पेरणी कधी, दोन ओळींत अंतर किती, अळी कोणती पडते. मी आणि बाई मध्ये नुसत्या तोंडाकडून तोंडाकडे वळत होतो. आईच्या आजारपणानंतर नानांना सलग इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मला भाषांतरात अडखळायला झालं, ते शब्द अवघड होते म्हणूनच असं नाही.

मग यंत्र आलं. घराएवढं, हिरवं, चारचार ओळी एकदम गिळत. भाऊ वर चढला आणि नानांना हाताने बोलावलं. नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शिडी चढून ते काचेच्या खोलीत त्याच्या शेजारी बसले आणि यंत्र शेतात निघून गेलं. आम्ही बांधावर उभ्या. दूर जाऊन ते वळलं, परत आलं, तेव्हा काचेमागे नाना हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि भाऊ मान डोलावत होता. तिथे भाषांतराला कोणीच नव्हतं.

अक्का यंत्राकडे बघत होती. लग्नाआधी ती याच दिवसांत पोटाला ओटी बांधून कापूस वेचायची, पुढे माझी आई सून म्हणून आल्यावर तीही तेच करायची. बोटांची नखं बोंडांच्या टोकांनी फाटायची. यंत्र दुसऱ्यांदा आमच्यासमोरून गेल्यावर ती म्हणाली, "वावरमा बाया नहीत. मंग बोलस कोन?"

शेतात बायाच नाहीत, मग बोलतं कोण, हे मी मालकीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, माझी आईपण वेचायची, आम्ही लहान असताना सगळ्या बाया मिळून वेचायच्या, गाणी म्हणायच्या. यंत्रं आली आणि बाया घरी गेल्या. मग म्हणाल्या, म्हणून आम्ही समुद्रात जातो. मी हे अक्काला सांगितलं तेव्हा तिने त्यांच्या दंडावर हलकेच थोपटलं.

जेवण भावाच्या घरी होतं, शेताला लागूनच. त्याची बायको भाज्यांवर भाज्या मांडत होती. वाल, टोमॅटो, पाव, चीज. त्यात एका वाडग्यात करड्या रंगाचं काहीतरी मऊ होतं, वर तेल. नानांनी एक घास घेतला आणि अक्काकडे पाहिलं. अक्कानेही घेतला. भाजलेलं वांगं, लसूण, लिंबू. ते भरीतच होतं, पण तिखटाचा पत्ता नाही. आजाऱ्याचं भरीत, असं नाना हळूच म्हणाले. अक्काने मला विचारायला लावलं, वांगी कशावर भाजली. बायकोने ओव्हन दाखवला. अक्काने दोन्ही हातांनी नाही नाही केलं, उठली, आणि परसात ठेवलेल्या टोपलीतली वांगी उचलून अंगणात निघाली.

आमच्याकडे भरिताची वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या सुक्या काड्यांवर भाजतात. इथे काड्यांना काय तोटा. वेचून झालेल्या कडेच्या पट्ट्यातून भावाने भारा उपटून आणला. काड्या अजून ओलसर होत्या, त्यामुळे धूर असा झाला की शेजारचा माणूस आग लागली म्हणून पळत आला आणि मग तोही जेवायला थांबला. अक्का त्या धुरात उकिडवी बसून वांगी फिरवत होती. डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने सूचना. भावाच्या बायकोला तिने सालं सोलायला बसवलं. परसातल्या हिरव्या मिरच्या चाखून पाहिल्या, दिसायला मिरची आणि चवीला काकडी, म्हणून बाजूला सारल्या आणि पिशवीतून ठेचा काढला. कांद्याची पात मिळाली, शेंगदाणे शेजाऱ्याने आणून दिले. भरीत ठेचायची लाकडी बडगी नव्हती, तेव्हा ऑलिव्हच्या लाकडाचा एक खोलगट कटोरा घेऊन वांगी त्यात ठेचली.

भावाने पहिला मोठा घास घेतला. त्याचा चेहरा लाल झाला, डोळे भरले, तो पाणी प्यायला, त्याने पाव खाल्ला. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग त्याने वाडगं स्वतःकडे ओढलं. त्याची बायको हसत हसत त्याच्या हातावर मारत होती आणि स्वतःही त्यातूनच खात होती. दुपार कशी सरली कळलं नाही. उन्हं उतरायला लागली तेव्हा नाना आणि भाऊ अंगणात शेजारी शेजारी खुर्च्या टाकून शेताकडे तोंड करून बसले होते.

निघताना भावाने नानांना एक फांदी दिली, पाच-सहा फुटलेल्या बोंडांची. सरकी असलेला कापूस विमानातून नेता येणार नाही, हे मी सांगितल्यावर नानांनी ती मालकीणबाईंच्या गच्चीत एका बाटलीत लावून ठेवली. अक्का शेवटच्या दिवशीही समुद्रात गेली. त्या बायांनी तिला एक टोपी भेट दिली, आणि तिने त्यांना वाती. वातींचं त्या काय करणार हे कोणालाच माहीत नव्हतं, पण सगळ्यांनी घेतल्या.

आता घरी येऊन काही महिने झालेत. गावात अजून कोणी ना कोणी ओट्यावर येऊन विचारतं, तिकडे काय पाहिलं. नाना सांगतात ते सगळं शेताचं. त्यांच्या सांगण्यात ग्रीस म्हणजे एक मोठं वावर आहे, त्यात एक यंत्र आहे, आणि यंत्र दर वेळी थोडं मोठं होतं. समुद्र त्यांना आठवत नाही. अक्का आतून ऐकते आणि मध्येच बाहेर येऊन सांगते, की मुख्य म्हणजे समुद्र होता आणि ती त्यात रोज उभी राहायची, गळ्यापर्यंत. नाना म्हणतात, कंबरेपर्यंत. मग दोघांचा वाद सुरू होतो आणि आलेला माणूस चहा पिऊन निघून जातो. पंजाबी ड्रेसचं दोघंही सांगत नाहीत.

मागच्या आठवड्यात मी तिथे असताना शेजारची काकू ऐकत बसली होती. तिने विचारलं, हे सगळं चाललं तेव्हा तुमची लेक कुठे होती.

अक्काने थोडा विचार केला आणि म्हणाली, ती फोटो काढत होती.